नमुना पाठ

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझी नणंद म्हणते. खरंच आहे ते. कुणाचं कुठे जमलं, कुणाचं कुठे मोडलं — माझ्या कानावर आलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या वेस्ट विंडसरला कळलेलं असतं. आणि तरी एक गोष्ट मी नऊ वर्षं कुणाला सांगितलेली नाही. सुधीरला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा तेवढी एक जागा गाळून पुढे जाते. तुम्हाला का सांगते आहे? — काय माहीत. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

मी इथे अमेरिकेत मराठी शाळेत शिकवते. म्हणजे पूर्वी शिकवायचे, आता शिकवणाऱ्यांना शिकवते. आमची शाळा रविवारी सकाळी भरते, भाड्याने घेतलेल्या मिडल स्कूलच्या वर्गांत. व्हाइटबोर्डवर कुणीतरी ‘डू नॉट इरेज’ लिहून ठेवलेलं असतं, ते सांभाळून उरलेल्या कोपऱ्यात आपला ‘क कमळाचा’. शिकवणारे सगळे आईबाप. सोमवार ते शुक्रवार कोडिंग, टेस्टिंग, क्लायंट कॉल, आणि रविवारी जोडाक्षरं. कुणी नागपूरचं, कुणी पुण्याचं, कुणी ठाण्याचं. मन लावून येतात बिचारे, पण वर्गापुढे उभं राहायचं कसं हे कुणालाच माहीत नसतं. ते शिकवायचं काम माझं. कारण सगळ्यांत बी.एड. झालेली मी एकटी. साताऱ्याला सहा वर्षं शाळेत शिकवलेलं. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात ना, तशी मी.

अभ्यासक्रम माझा आहे. पाच लेव्हल, प्रत्येक लेव्हलचे तीस रविवार, आणि प्रत्येक रविवारचं टाचण. टाचण म्हणजे पाठ कसा घ्यायचा त्याची लेखी आखणी — सुरुवातीला मुलांना काय विचारायचं, किती मिनिटं बोलायचं, फळ्यावर काय लिहायचं, शेवटी काय तपासायचं. बी.एड.ला आमच्याकडून असल्या वह्याच्या वह्या भरून घेतल्या होत्या. इथे मी त्याच टाइप करून दिल्या. लोक माझं फार कौतुक करतात. ‘नीलाकाकू नसत्या तर शाळा उभी राहिली नसती.’ मानपत्रसुद्धा दिलंय मला. दिवाणखान्यात लावलं आहे सुधीरने. मी नको म्हटलं होतं, तो म्हणाला उगाच लाजू नकोस.

लाजू नकोस!

बघा, अजून मी मुद्द्यावर आलेली नाही. मानपत्र सांगते आहे, टाचण सांगते आहे. वर्कशॉपला नवीन शिक्षकांना मीच ओरडते, प्रस्तावना लांबवू नका म्हणून.

तर — नऊ वर्षांपूर्वी शाळा वाढली. एकदम इतके नवीन शिक्षक आले की प्रत्येकाला माझ्या वर्गात बसवून दाखवणं शक्य नव्हतं. तेव्हा आमच्या कमिटीतला राहुल म्हणाला, ‘काकू, तुमचा एक पाठ रेकॉर्ड करू या ना. नमुना पाठ. ट्रेनिंगला सगळ्यांना दाखवता येईल.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. आणि मनातल्या मनात सबब शोधू लागले.

का? कारण माझ्या वर्गात कुणी बोलत नसे. हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण खरं होतं. साताऱ्याच्या पोरांना गप्प बसवायला छडी लागायची. ही इथली मुलं मुळात गप्पच. मी विचारायचे, ‘सांगा बरं, मंडईत काय काय मिळतं?’ आणि समोर बारा दगड. फार तर एखादं ‘आय डोन्ट नो’. मग मीच प्रश्न विचारायचे, मीच उत्तर द्यायचे, आणि त्यांच्याकडून ते तीनदा म्हणून घ्यायचे. वर्गाबाहेरून जाणाऱ्याला काय, मराठी ऐकू यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि आता ती कॅमेऱ्यापुढे उघडायची?

मी काय केलं — सांगते. रेकॉर्डिंगच्या आधी दोन शनिवार त्या बारा मुलांना घरी बोलावलं. आयांना म्हटलं, जरा जास्तीचा सराव. बेसमेंटमध्ये बसवलं, पिझ्झा मागवला, आणि ‘भाजी मंडई’चा अख्खा पाठ त्यांच्याकडून पाठ करून घेतला. माझे प्रश्न, त्यांची उत्तरं. कुणी कुठलं वाक्य बोलायचं, तेही ठरवून. आणि आमच्या साताऱ्याच्या मोठ्या बाईंनी साहेब तपासणीला यायचे तेव्हा शिकवलेली युक्ती — प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला येतं त्याने उजवा, येत नाही त्याने डावा. बाई उजव्यालाच विचारणार. साहेबांना वाटतं, काय हुशार वर्ग! तिथे असं सगळ्याच शाळा करायच्या, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. पोरांना तर इथेही फार गंमत वाटली. सीक्रेट कोड! फक्त आठ वर्षांची एक चुणचुणीत मुलगी होती अनुष्का नावाची, तिने पिझ्झा खाता खाता मला विचारलं, ‘नीलाकाकू, इज धिस चीटिंग?’

मी म्हटलं, ‘नाही गं सोन्या. धिस इज प्रॅक्टिस.’

व्हिडिओ झकास झाला. बारा मुलं, बारा हात वर. पाचव्या मिनिटाला एक मुलगा ‘काकू, मला गवारीची भाजी आवडत नाही’ असं म्हणतो आणि मी हसून ‘का बरं?’ विचारते. वाटावं, आत्ता सुचलं दोघांना. ते ‘का बरं?’ मी आरशापुढे म्हणून पाहिलं होतं. तेव्हापासून दर ऑगस्टला शाळा सुरू व्हायच्या आधी तो व्हिडिओ नवीन शिक्षकांना दाखवतात. मी बाजूला उभी राहून समजावते — पाहा, प्रश्न विचारल्यावर मी तीन सेकंद थांबले. पाहा, नजर कशी फिरवली. मुलं आपोआप बोलती होतात.

आपोआप!

आता तुम्ही म्हणाल, एवढंच ना? एक व्हिडिओ जरा रंगवला. तपासणीला कोण करत नाही? हेच मी स्वतःला पाच वर्षं सांगितलं. आणि एवढंच असतं तर आज मी तुमच्यापुढे तोंड उघडलंही नसतं.

मृणाल चार वर्षांपूर्वी आली. नागपूरची. इंजिनिअर, लग्नाआधी टेस्टिंगमध्ये नोकरी केलेली, नवऱ्याच्या व्हिसावर इथे येऊन चार-पाच वर्षं घरी बसलेली. लेक लेव्हल वनमध्ये, म्हणून तीही व्हॉलंटिअर झाली. बोलताना ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणायची, मग माझ्याकडे पाहून जीभ चावायची. ट्रेनिंगला सगळे फोनमध्ये डोकं खुपसून बसतात, हिने व्हिडिओ घरी नेऊन पाहिला — अकरा वेळा. मला सांगायची वर! तुम्ही कुठे थांबता, कुठे वळता, सगळं वहीत लिहून आणलं होतं. माझं टाचण, माझे प्रश्न, माझाच पाठ तिने लेव्हल टूला घेतला.

आणि समोर बारा दगड.

पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. दुपारी मला फोन — ‘काकू, तुमच्यासारखंच करते मी सगळं. मग माझ्याशी का बोलत नाहीत ते? माझं काय चुकतं?’ तेव्हा काय लागत होतं मला? एक वाक्य. ‘अगं, माझ्याशीही बोलत नाहीत.’ चार शब्द. ते मी बोलले नाही. मी तिला सल्ले दिले. आवाज जरा खालच्या पट्टीत ठेव. थांबायला शीक. फळ्याकडे पाठ करू नको. ती प्रत्येक गोष्ट लिहून घ्यायची आणि पुढच्या रविवारी तशीच करायची, आणि मुलं तशीच गप्प. मग आवाजच बसायला लागला तिचा. वर्गात जायच्या आधी बाथरूममध्ये जाऊन पाणी पिऊन यायची, ते मी पाहिलं होतं. पाहूनही दुसऱ्या वर्गाकडे वळले.

त्याच वर्षी तिचं वर्क परमिट आलं. आणि मला म्हणाली, ‘काकू, मला परत टेस्टिंगमध्ये नाही जायचं. मला शिक्षिका व्हायचंय. खरीखुरी, इथल्या शाळेत.’ इथल्या कॉलेजात शिक्षकांचा दोन वर्षांचा कोर्स असतो, तिथे अर्ज केला, अॅडमिशनही मिळवली. नवरा म्हणत होता, आधी बघ तुला झेपतंय का. म्हणून ती माझ्या शब्दावर थांबली होती. माझ्या — म्हणजे कुणाच्या, ते आता तुम्हाला कळलंच आहे.

मी तिचं निरीक्षण करायला गेले. मागच्या बाकावर वही घेऊन बसले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून — निरीक्षक म्हणजे दुसरं काय असतो? पाठ तोच, भाजी मंडई. पहिली दहा मिनिटं ती माझ्या टाचणाप्रमाणे गेली. कुणी हूं की चूं नाही. मग तिने टाचण बंद केलं. मला वाटलं, आता रडते की काय. तिने पिशवीतून मेथीच्या दोन जुड्या काढल्या आणि टेबलावर ओतल्या. म्हणाली, ‘चला, मला संध्याकाळी भाजी करायची आहे. निवडायला मदत करा.’

दोन मिनिटं मुलं नुसती पाहत राहिली. मग एकीने काडी उचलली. मग सगळीच तुटून पडली. आणि — कसं सांगू — बोलायला लागली हो! एक म्हणते, ‘नो, नो, देठ नाही टाकायचं! माझी आजी देठ ठेवते!’ दुसरी म्हणते, ‘माझी आई टाकते देठ. तुझी आजी राँग आहे!’ ‘आजी इज नेव्हर राँग!’ एक मुलगा कधी नव्हे तो उठून मृणालजवळ गेला आणि विचारलं, ‘काकू, हे कडू का आहे?’ अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, तोडकं, मोडकं, पण कुणीही न पढवलेलं. जमिनीवर मेथीच मेथी. तीन मुलं एकाच वेळी आजीबद्दल सांगतायत. मृणाल त्या गोंधळात घाबरून माझ्याकडे पाहत होती. तिला वाटत होतं, पाठ हातातून गेला.

मला माहीत होतं. ऐका, ही जागा मला नीट सांगायची आहे. मला त्याच क्षणी माहीत होतं की हेच शिकवणं आहे. इतकी वर्षं मी ज्याचं नाटक करत होते ते माझ्यासमोर खरंखुरं चाललं होतं, आणि ते ह्या मुलीला माझ्याशिवाय जमलं होतं. माझं टाचण मिटल्यावर जमलं होतं. मला आनंद झाला का? नाही. माझा जळफळाट झाला. साठीची बाई मी, माझ्या मुलीच्या वयाच्या पोरीवर जळले. आणि भीतीही वाटली. उद्या हिने कमिटीला सांगितलं, काकूंचा पाठ चालत नाही, मेथी चालते, तर? मग कुणीतरी तो व्हिडिओ नीट पाहील. ते डावे हात मोजील. चोराच्या मनात चांदणं.

मी वहीत लिहिलं — वर्गावर नियंत्रण नाही. इंग्रजीचा वापर जास्त. पाठ टाचणापासून भरकटला. मुलांना बोलतं करण्याची हातोटी अजून यायची आहे.

शेवटचं वाक्य मी लिहिलं तेव्हा बाराच्या बारा मुलं बोलत होती.

घंटा झाल्यावर ती गुडघ्यांवर बसून ओल्या कागदाने जमीन पुसत होती, दुसऱ्यांची शाळा म्हणून. मी वही तिच्या हातात दिली. तिने वाचली आणि म्हणाली, ‘सॉरी काकू. काय सुचलं मला काय माहीत.’ त्यानंतर तिने वर्गात मेथी आणली नाही. काहीच आणलं नाही. टाचणाप्रमाणे वर्ष पूर्ण केलं तिने.

मार्चमध्ये एका दुपारी माझ्याकडे आली. कॉलेजला आठवड्याभरात कळवायचं होतं. मी चहा ठेवला होता. म्हणाली, ‘काकू, मला गोड नका बोलू. खरं सांगा. मला जमेल?’

मी आलं किसत होते. म्हटलं, ‘मृणाल, प्रत्येकाला सगळं जमतंच असं नाही गं. तू टेस्टिंगमध्ये हुशार आहेस. आपली ताकद कशात आहे ते ओळखावं माणसाने.’

इतक्या मायेने म्हटलं मी ते. आवाज अगदी खालच्या पट्टीत. मध्ये थांबलेसुद्धा.

ती रडली नाही. मान हलवली, चहा प्यायली, कप धुऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी कॉलेजला नकार कळवला आणि पुढच्या सप्टेंबरपासून पार्सिपनीला एका ऑफिसात टेस्टिंग करू लागली. रोज तासभर जायला, तासभर यायला. शाळेत यायची ती फक्त लेकीला सोडायला, गाडीतूनच. मी हात करायचे. तीही करायची.

तुम्ही विचाराल, मग नंतर का नाही सांगितलंस? वेळ काय कमी होता? फोन नंबर माझ्याकडे आहे. तिचं घर माझ्यापासून आठ मिनिटांवर होतं. दर ऑगस्टला व्हिडिओ लावताना मला तिचं ते बाथरूमकडे जाणं आठवतं. नवीन पोरी खुर्च्यांवर पुढे सरकून पाहत असतात, आणि नंतर हमखास एखादी येऊन म्हणते, ‘काकू, आमच्याशी नाही हो बोलत मुलं. काय चुकत असेल?’ मी सांगते, सराव. नऊ वर्षांत किती जणींना सांगितलं हे! त्यातल्या किती परत आल्या नाहीत, ते मी कधी पाहिलं नाही. राहुल म्हणतो, लोकांना संडे बिझी असतो काकू. मी म्हणते, हो ना.

गेल्या जूनमध्ये मृणाल घरी आली. नवऱ्याला रेडमंडला नोकरी मिळाली, महिन्याभरात घर हलवायचं, म्हणून निरोप घ्यायला. लेक उंच झाली आहे. माझ्यासाठी संत्रा बर्फी आणली होती, कुणी नागपूरहून आलं होतं त्यांच्याकडून. मला म्हणाली, तिकडेही मराठी शाळा आहे, त्यांचा फोन आला होता, शिकवाल का म्हणून.

खरंच सांगते, मला वाटलं, सुटले मी. ही म्हणेल हो, आणि सगळं सरळ होईल, मला काही बोलावं लागणार नाही.

‘मी नाही म्हटलं,’ मृणाल म्हणाली. ‘म्हटलं, बाई, मला नाही जमत ते. कुणाच्या लेकरांचं नुकसान कशाला करू? खरं सांगू काकू, तेव्हा फार लागलं होतं मला. पण एक तुम्हीच तोंडावर खरं बोललात. नाहीतर दोन वर्षं वाया गेली असती, वर हसं झालं असतं.’

तिची लेक सोफ्यावर बसून आमच्याकडे पाहत होती. सुधीर वर झोपला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. अख्खी दुपार मोकळी होती.

मी म्हणाले, ‘अगं, त्यात काय. मोठ्या माणसांनी नाही सांगायचं तर कुणी?’

ती उठली, ओढणी सावरली आणि नमस्काराला वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.